तालमीमागचा उंबर

"उंबराचं फूल झालीस गं," म्हणाला केरबामामा,
चार वर्षांनी गंगावेशीत पाऊल टाकलं तेव्हा.
पोरं जोर मारून दुधाच्या कट्ट्यावर गेलेली,
आणि हा खराटा घेऊन
मागच्या अंगणातली उंबरं झाडत होता.
तळव्याला चिकटून हौदात येतात,
तांबड्या मातीत चिखल करतात,
गडी घसरला की नाव वस्तादाचं जातं.

मी कॉलेजात फुलांचं प्रजनन शिकवते.
फळ्यावर परागकोश, कुक्षी, अंडाशय.
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसतं,
दर वर्षी, त्याच शब्दाला.
पण मामासमोर?
लंगोटाला जागलेला माणूस.
घरात सोयरिकीचा विषय निघाला
की उठून म्हशीला पाणी दाखवायला जायचा.

तरी म्हटलं, मामा, उंबराला फूल असतं.
"आमच्या आज्ज्यानं बघिटलं न्हाई.
मध्यान्रातीला फुलतंय म्हणं,
बघंल त्यो राजा हुतोय."
मी एक कच्चं उंबर खोडावरून तोडलं.
नखानं फोडलं. बोटांना चीक लागला.
हे फळ नव्हे, मामा, ही खोली आहे,
भिंतींना आतून फुलं लागलेली.
शेकडो. मोहरीहून बारीक.
कुणाला दाखवायचीच नसल्यासारखी.

चष्मा खाली आला. मोडक्या कानांवर
तो नीट बसत नाही, म्हणून दोरी बांधलेली.
"आत जातंय कोण मग?"

एक चिलट. मादी.
देठासमोर हे एवढंसं दार, सुईच्या टोकाचं.
त्यातून घुसताना तिचे पंख मोडतात, दाराशीच राहतात.
छातीवरच्या खिशांत आणलेला पराग
ती एकेका फुलाला लावते.
काही फुलांत बी धरतं,
काहींत ती अंडी घालते, आणि तिथंच मरते.

"आन् नर?"

नर आधी जन्मतात. पंख नाहीत, डोळे नावाला.
माद्या अजून आपापल्या फुलात मिटलेल्या असतात, तेव्हा ते...
मी थांबले.
"बोल की. म्हशी पाळल्यात म्या."

तेव्हा ते त्यांच्याशी जुगतात.
मग सगळे मिळून भिंत कुरतडतात,
बाहेरपर्यंत बोगदा काढतात.
माद्या पराग भरून घेतात, त्या वाटेनं उडून जातात.
नर आतच राहतात.
उजेड येतो तो त्यांनीच पाडलेल्या भोकातून,
तेवढाच.

खराटा भिंतीला टेकला.
भिंतीवर फोटो, एकाखाली एक:
दऱ्याप्पा रेल्वेत, रावसू मिलिटरीत,
कासीम पोलिसात, पोट सुटलंय आता.
प्रत्येकाच्या शेजारी, खांद्यावर पंचा टाकून, मामा.
मामाच्या मागं तेच दार, तोच उंबर,
बुंधा तेवढा जाड होत गेलेला.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
बाहेर कुणाच्या तरी किटलीचं झाकण वाजलं.

मग त्यानं जमिनीवरचं एक लालसर उंबर उचललं,
ते दोन्ही अंगठ्यांनी उकललं, आणि लहानपणी
मला खायला देताना मारायचा तशीच
फुंकर मारली.
भुरभुर चिलटं उठली,
कौलांवरून वर गेली,
वारा नेईल तिकडं, बहुतेक पंचगंगेकडं.
घाटावर एक उंबर आहे अजून, माझ्या माहितीत.

"किती जगत्यात बाहेर?"
एखाद-दुसरा दिवस.
"मंग घाई असंल त्यांस्नी,"
असं म्हणून त्यानं अर्धं उंबर तोंडात टाकलं,
अर्धं माझ्या हातावर ठेवलं.
"ह्यातलं पोरांस्नी काय सांगू नको.
उंबरं खायाची बंद करतील भाडखाऊ,
आन् झाडावं लागंल मलाच."